मी बसून राहिले

नाटक संपलं, सगळे उठले आणि मला समोरच्या माणसाच्या कोटाची पाठ दिसायला लागली. राखाडी कोट, मागे मधोमध चीर, आणि चिरेच्या एका बाजूला कुत्र्याचे पांढरे केस. हा आमचा दातांचा डॉक्टर. एरवी त्याचं तोंड माझ्या तोंडावर असतं. त्याच्या पाठीशी माझं तोंड इतका वेळ कधी आलं नव्हतं. डावीकडे माझ्याबरोबर आलेली लव्हॉन उठली, तिची पर्स मांडीवरून घसरून माझ्या पावलावर पडली, तरी ती खाली न बघता टाळ्या वाजवत राहिली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. पाचव्या रांगेत मी तेवढी बसलेली. खरं सांगायचं तर उठायला निघालेच होते. हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले होते, बूड अर्धं उचललं होतं. चर्चमध्ये स्तोत्राचा पहिला सूर आला की अंग आपोआप उठतं, तसं. आणि मग मी परत टेकले. ठरवून टेकले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्या रात्रीबद्दल आमच्या डलूथ गावभर जे काही बोललं गेलं, त्यात ‘ठरवून’ हा शब्द कुणी म्हणजे कुणी घेतला नाही.

आमच्याकडे हल्ली सगळ्यालाच उभं राहतात. मुलांनी व्हायोलिनवर मांजर रडवलं तरी उभं, महापौरांनी बर्फ उपसायच्या नव्या गाड्यांवर भाषण केलं तरी उभं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी उभं राहायला काहीतरी घडावं लागे, आणि घडलं तरी माणसं आधी इकडेतिकडे बघत. आता पडदा पडायचा अवकाश, खुर्च्या फटाफट मिटतात. एक उठला की मागच्याला दिसत नाही म्हणून मागचा उठतो, आणि सगळ्यात शेवटचा उठतो तो आपण एकटे बसलो तर काय म्हणतील म्हणून. आमची माणसं वाईट बोलत नाहीत हो. कुणाच्या घरी जेवण करपलं, कुणी घराला भलताच रंग दिला, कुणाच्या मुलानं नको ते लग्न केलं, तर आम्ही मान हलवतो आणि म्हणतो, “वेगळं आहे हं.” झालं. त्याच्या पुढे जायचं म्हणजे भांडणच. मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला. तिथे मात्र असं नसे. पोरं तोंडानं काही बोलत नसत, पण ताट परत येई. मटार तसेच, खिम्याच्या मीटलोफचा एक घास खाल्लेला, वर कागदी रुमाल पांघरलेला. मी परत आलेली ताटं बघायची आणि दुसऱ्या दिवशी मसाला बदलायची. मास्तरीणबाई मात्र रोज म्हणायच्या, “छान झालं होतं, आर्डिस.” त्यांच्या त्या छानवर मी कधी चमचाभर मीठसुद्धा कमीजास्त केलं नाही.

हार्लन उभा राहत नसे. माझा नवरा, शहराची बर्फ उपसायची गाडी चालवायचा. एकदा गाडीवरून उतरताना बर्फावर पडला, कंबरेतला खुब्याचा सांधा बदलावा लागला, आणि तेव्हापासून त्याला जन्माचं निमित्त मिळालं. कुठेही टाळ्या सुरू झाल्या, माणसं उठली, की तो आपला काठी दोन गुडघ्यांत धरून बसलेला. लोक म्हणायचे, “बिचारा, कंबर.” तो मान हलवायचा. तीच कंबर घेऊन हा माणूस जानेवारीत शिडी लावून छपरावर चढायचा, वरचा बर्फ ओढायला, आणि मी खालून कितीही ओरडले तरी उतरायचा नाही. मला ठाऊक होतं. आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नाही, पण मला ठाऊक होतं की हार्लन बसतो तो त्याला आवडलेलं नसतं म्हणून. एकदाच उठला. ब्रिटा, आमची लेक, शाळेच्या नाटकात म्हातारी झाली होती. दार उघडायला गेली तर दाराची मूठच तिच्या हातात आली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. ब्रिटानं मुठीकडे बघितलं, म्हातारी बघेल तसं, घरातलं आणखी एक काहीतरी मोडलं अशा कंटाळ्यानं. ती एप्रनच्या खिशात टाकली आणि दाराला खांदा लावून बाहेर गेली. पुढचा सगळा प्रवेश तिचा एक खिसा जड होऊन लोंबत होता आणि ती तो मधूनमधून सावरत होती. शेवटी सगळे आईबाप बसून टाळ्या वाजवत होते, तेव्हा तशीच पद्धत होती, आणि हार्लन एकटा उठला. काठीबिठी तेव्हा नव्हती. उठून उभा राहिला, टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसता उभा. घरी येताना गाडीत, बऱ्याच वेळानं म्हणाला, “वाईट नव्हतं.” मागच्या सीटवर ब्रिटानं तोंड खिडकीकडे फिरवलं. माझ्या नवऱ्याच्या तोंडून याच्या वरचं काही कुणी ऐकलेलं नाही. मला मागणी घातली आणि मी हो म्हटलं, तेव्हाही तो बराच वेळ सरोवराकडे बघून एवढंच म्हणाला होता.

तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. ब्रिटा मिनिआपोलिसला असते, नाटकांत कामं करते, त्यावरच कसंबसं भागवते. मी तिचं प्रत्येक नाटक बघितलंय आणि प्रत्येक वेळी म्हटलंय, “छान झालं गं.” या नाताळात ती घरी आली होती, भांडी पुसत होती, आणि मी तिच्या आधीच्या नाटकाबद्दल काहीतरी छान बोलत होते. तिनं फडकं खाली ठेवलं. “आई,” ती म्हणाली, “तुझं छान माझ्या काही कामाचं नाही.” रागानं नाही, अगदी थकून म्हणाली. “बाबा असताना मी शेवटी वाकून वर आले की त्यांची खुर्ची बघायचे. बसलेले दिसले की मला कळायचं, उद्या काहीतरी वेगळं करून बघायला हवं. आता मी कुणाकडे बघू? सगळेच उभे असतात. तूही उभी असतेस.” मी कप कपाटात लावत राहिले. मनात म्हटलं, बरीच शहाणी आहेस, बाबांची काठी होती मुळी. पण ते मला लागलं. रात्री अंथरुणावर पडून मी त्या वाक्याभोवती फिरत राहिले. माझ्या पोटच्या पोरीला माझ्या शब्दाची किंमत नाही. रोज फोन करते, औषधं घेतलीस का विचारते, माझ्या गाडीला हिवाळ्याचे टायर लावले का ते विचारते, आणि तिच्या आयुष्यात जी एक गोष्ट खरोखर तिची आहे, तिच्याबद्दल मी काय म्हणते याला शून्य किंमत. मी त्याच रात्री ठरवलं की पुढच्या नाटकाला मी खरं काय ते करीन. आवडलं तर उठीन, नाही आवडलं तर बशीन. तिला सांगितलं नाही. सांगून केलं असतं तर ते नाटकच झालं असतं.

आणि पुढचं नाटक नेमकं आमच्याच गावात. डलूथची मुलगी डलूथला येणार म्हणून पेपरात फोटो, चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तीच चर्चा, लव्हॉननं तिकिटं काढली सुद्धा. लव्हॉन माझी शेजारीण, मैत्रीणच म्हणा. चांगली आहे, फक्त शांतता तिला सोसत नाही. आम्ही आधी सरोवराच्या काठी जेवलो, जंगली तांदळाचं सूप आणि तळलेला मासा, आणि लव्हॉन वेटर पोरीलासुद्धा सांगत होती की हिची मुलगी आज मुख्य भूमिकेत आहे. मी मासा काट्यानं इकडून तिकडे सरकवत होते. फेब्रुवारीतली थंडी, रस्त्यांवर मीठ आणि चिखल. नाटकगृहाच्या दारात आम्ही सगळे करतात तेच केलं: पिशवीतून आणलेले घरातले बूट काढले, पायातले बर्फाचे बूट उतरवून भिंतीशी रांगेत ठेवले. अख्ख्या गावाचे बूट तिथे वितळलेलं पाणी गाळत उभे होते. कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे मूल चालायला लागतं त्याच्या आधी त्याला दारात बूट काढायचं कळतं. पाद्री घरी आले तरी मोज्यांवर बसतात, प्लंबर आला तरी आधी वाकतो. एकदा राज्याच्या विधानसभेला उभा राहिलेला माणूस मत मागायला आला आणि बुटांसकट आमच्या स्वयंपाकघरात शिरला. हार्लननं त्याचं सगळं ऐकून घेतलं, कॉफी पाजली, आणि मत दुसऱ्याला दिलं.

दिवे गेले, पडदा वर गेला. स्वयंपाकघर. टेबल, खिडकी, खिडकीबाहेर बर्फ, आणि कुठूनतरी सीगल पक्ष्यांचा आवाज, भर हिवाळ्यात. ठीक आहे, म्हटलं, बाहेरगावच्या लेखकाला एवढं काय कळणार. गोष्ट अशी की आई वारलेली, मुलगी पुष्कळ वर्षांनी घर आवरायला येते. दार उघडलं आणि माझी ब्रिटा आत आली. माझ्या छातीत नेहमी होतं ते झालं. अजूनही होतं, चाळिशी ओलांडलेली बाई आहे ती, तरी मला वाटतं आता अडखळेल. ती अडखळली नाही. दारातून सरळ आली. बर्फाचे मोठे बूट पायात, त्यांवर बर्फसुद्धा लावलेला, आणि मेलेल्या आईच्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवरून चालत टेबलापर्यंत गेली, खुर्चीला हात लावून उभी राहिली आणि रडायला लागली. वाद्यं सुरू झाली. माझ्या शेजारी लव्हॉननं रुमाल काढला. आणि मी फरशीकडे बघत होते. बुटांचे ओले ठसे दारापासून टेबलापर्यंत उमटले होते. मला वाटलं आता ही खाली बघेल. आता बघेल, शरमेल, आणि त्या शरमेतून तिला आई आठवेल, कारण असल्या ठशांवरून आई तिला लहानपणी किती वेळा ओरडली असेल. हेच असेल नाटकात, म्हटलं, किती हुशार. मी वाट बघत राहिले. तिनं बघितलं नाही. मध्यंतरापर्यंत ती त्याच बुटांनी त्या स्वयंपाकघरात फिरत होती, रडत होती, आईच्या मुरांब्याच्या बरण्या छातीशी धरत होती, भिंतीवर लाटांची चित्रं हलत होती, आणि माझा एका शब्दावर विश्वास बसला नाही. ही मुलगी या घरात वाढलेली नाही. ही कुठल्याच घरात वाढलेली नाही. आणि मला तर माहीत होतं ती कुठल्या घरात वाढली. कॉफी ओतली तीही अशी, हात लांबवून, कुणीतरी बघतंय म्हणून. मध्यंतरात सगळे म्हणाले, “छान चाललंय.” लव्हॉन म्हणाली, “रडवलं गं पोरीनं.” मी म्हटलं, “रांग केवढी आहे बाथरूमला.” दुसऱ्या अंकात ती क्षमा करते. कुणाला, कशाबद्दल, मला कळलं नाही. मी अंधारात बसून पक्कं करत होते. उठायचं नाही, आर्डिस. पाय जाग्यावर ठेव.

म्हणून मी टेकले. टाळ्या मी वाजवत होते, बसून. माणसांच्या कंबरांमधून एक फट पडली होती, डॉक्टरचा कोट आणि त्याच्या बायकोची शाल यांच्यामध्ये, आणि त्या फटीतून रंगमंचाचा थोडा भाग दिसत होता. ब्रिटा पुढे आली. वाकली. वर आली, आणि तिची नजर पाचव्या रांगेकडे गेली. तिकीट कुठलं ते तिला लव्हॉननं कळवलंच होतं. आधी ती वरवर शोधत होती, चेहऱ्यांच्या उंचीवर. मग तिची नजर खाली आली, फटीतून, माझ्यावर. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, फक्त त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. अजून वेळ होता. उठता आलं असतं, पर्स उचलत होते म्हणता आलं असतं, पर्स पडलेलीच होती. मी दांडे धरून ठेवले. माझ्या आयुष्यात मी बर्फाच्या वादळात गाडी हाकलीय, शाळेत आग लागली तेव्हा पोरांना बाहेर काढलंय, पण दांडे इतके घट्ट कधी धरले नव्हते.

लव्हॉननं तेव्हा खाली बघितलं. “अगं आर्डिस! काय होतंय?”

“काही नाही.”

“पांढरी पडलीयस. चक्कर येतेय का? छातीत दुखतंय?”

छाती म्हटल्याबरोबर डॉक्टर वळला. दातांचा का होईना, डॉक्टरच. त्यानं माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघायला लागला. मी हात सोडवून घेतला. “मला काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “मी बसलेय.”

“हो, हो, बसाच,” तो म्हणाला. “उठू नका.”

तोवर लव्हॉननं हात वर करून पेक्कलांना बोलावलंच होतं. रॉय पेक्कला नाटकगृहात लोकांना जागा दाखवायला हौसेनं उभे राहतात. भला माणूस, लाल जाकीट घालतो आणि त्या जाकिटात त्याला सगळ्या जगाची काळजी असते. पेक्कला आले, वाकले, मागे गेले, आणि परत आले ते चाकांची खुर्ची ढकलत. टाळ्या अजून चालू होत्या. मधल्या वाटेनं ती खुर्ची येताना सगळ्यांनी बघितली.

“आर्डिस, काही लाजायचं नाही,” पेक्कला हळूच म्हणाले. “वयानं होतं. माझ्या बहिणीलाही असंच झालं होतं.”

“पेक्कला, माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला नाटक आवडलं नाही, म्हणून मी उठले नाही.”

मी हे मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण आजूबाजूच्या टाळ्या थांबल्या. डॉक्टरची बायको कार्यक्रमपत्रिका वाचायला लागली. पेक्कलांनी माझ्याकडे अशा मायेनं बघितलं की एक ठेवून द्यावीशी वाटली.

“हो तर,” ते म्हणाले. “पण खुर्ची घ्याच. बाहेर फार घसरडं आहे.”

लव्हॉन डॉक्टरच्या बायकोला कुजबुजत सांगत होती, “हार्लन गेल्यापासून ती स्वतःकडे लक्षच देत नाही.” हार्लनचं कंबरेचं निमित्त बरं होतं हो. आमच्या गावात माणसाला न आवडायला आधी एखादा अवयव मोडून घ्यावा लागतो. हार्लननं मोडून घेतला होता आणि वर्षानुवर्षं मजेत बसला. मलाही आता फुकटात मिळत होता: म्हणायचं, हो, जरा चक्कर आली, घरी जायचं, सकाळी ब्रिटाचा फोन, काळजीचा, आणि मी म्हणायचं, नाटक छान होतं गं, माझंच मेलं डोकं गरगरलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. मी पेक्कलांना म्हटलं, “खुर्ची ठेवा हवी तर. मी तीत बसणार नाही.” आणि लव्हॉनला म्हटलं, “तू पुढे हो. तिथे कॉफी आणि लिंबाच्या वड्या ठेवल्यात. मी इथे माझ्या मुलीची वाट बघणार.”

माणसं माझ्याकडे न बघता पांगली. मिटलेल्या खुर्च्यांच्या रांगा, मधल्या वाटेत ती चाकांची खुर्ची, आणि मी. रंगमंचावर एक मुलगा येऊन फरशीवरचे ठसे पुसत होता. मग ब्रिटा बाजूच्या दारातून धावत आली. तोंडावर रंग अर्धा पुसलेला, अंगात नाटकातलाच स्वेटर, पायात तेच बूट. “आई! मला सांगितलं तू पडलीस.”

“पडले नाही. बसले होते.”

“पेक्कला म्हणाले छातीत—”

“छाती चांगली आहे. डोकं चांगलं आहे. गुडघे चांगले आहेत.” माझा आवाज चिरका झाला, तो मी खाली आणला. “मी बसले, ब्रिटा.”

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती हळूहळू खाली बसली, जवळ दुसरं काही उघडं नव्हतं म्हणून त्या चाकांच्या खुर्चीतच. चाकं जराशी मागे सरकली. तिनं पायानं थांबवली. ती दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं पसरलेलं.

“बाबांसारखी,” ती म्हणाली.

“बाबांची कंबर दुखायची.”

“हो ना. छपरावर चढायची तीच कंबर.” ती हसली नाही. “मला सगळं माहीत होतं, आई. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून बघायचे त्यांना चढताना.” तो मुलगा बादली घेऊन आत गेला. “कुठे?” तिनं विचारलं.

“काय कुठे?”

“नाटक कुठे सुटलं तुझ्या हातून?”

खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटली. न उठणं सोपं होतं त्यापुढे. मी म्हटलं, “अगदी सुरुवातीलाच. तू बूट घालून आत आलीस.”

तिनं पायांकडे बघितलं. आम्ही दोघींनी बघितलं. खोटा बर्फ अजून एका बुटाच्या वळीत अडकला होता.

“मी तालमीला पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाला विचारलं होतं,” ती म्हणाली. “बूट दारात काढू का म्हणून. तो म्हणाला, नको, गती मरते. आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“मग तू काय म्हणालीस?”

ती नखानं त्या वळीतला बर्फ काढत राहिली. “मी म्हटलं, छान.”

मग ती एकदम उठली, खुर्ची मागे जाऊन रांगेवर आपटली. “तुला आजच सुचलं हे? माझ्या गावात, सगळ्यांच्या समोर? इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि आज? बाहेर ते सगळे मला विचारणारेत, आई कशी आहे. मी काय सांगू त्यांना?”

“सांग, आईला आवडलं नाही.”

“इथे असं कुणी सांगत नाही,” ती म्हणाली. आणि गेली. ते बूट लाकडी पायऱ्यांवर वाजत गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. चर्चमधून एकीनं घरी नूडल्सचा डबा आणून दिला, मी आजारी म्हणून. मी तो घेतला नाही, तेव्हा तिनं दारात ठेवला आणि पळाली. पेक्कलांनी फोन करून चौकशी केली. लव्हॉन रोज यायची आणि म्हणायची, एक फोन कर पोरीला, म्हण बरं नव्हतं मला, काय बिघडतं. ब्रिटा दिग्दर्शकाच्या मंडळींबरोबर हॉटेलात उतरली होती, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिचा फोन नाही. औषधं घेतलीस का, तेही नाही. मी फोनजवळून जायची, हात पुसायची, आणि पुढे जायची. माफी मागितली असती तर ती धावत आली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मग जन्मभर मी छान म्हणत राहिले असते आणि ती ऐकत राहिली असती, दोघी मायेनं एकमेकींना फसवत. मी रडले. स्वयंपाकघरात उभी राहून, कांदा नसताना रडले. पण फोन केला नाही. मग एका संध्याकाळी फोनवर तिचा निरोप आला, दोन ओळी: ‘गुरुवारी दुपारचा खेळ आहे. तीच खुर्ची घे.’

लव्हॉनला मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली. “तुला सांभाळायला कुणी नको?” म्हणाली. दुपारच्या खेळाला नाटकगृह अर्धं रिकामं. पडदा वर गेला, सीगल ओरडले. दार उघडलं. ब्रिटा आत आली आणि उंबऱ्याशीच थांबली. खाली बघितलं. मग वाकली आणि बुटांची नाडी सोडायला लागली. नाडी ओली असावी, सुटेना. तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि नखानं गाठ उकलली. वाद्यं सुरू झाली आणि तिच्यासाठी थांबावी तशी मध्येच थांबली. कुणीतरी खोकलं. एक बूट निघाला, मग भिंतीला हात टेकून दुसरा. तिनं ते जोडीनं चटईवर ठेवले, टोकं दाराकडे करून, पुन्हा बाहेर पडताना सोपं जावं म्हणून हार्लन ठेवायचा तसे. मग ती मोज्यांवर फरशीवर आली. करडे लोकरी मोजे, तिच्या पायाला मोठे, टाचेपाशी पिशवी झालेले. हार्लनचे मोजे. त्याच्या खणातून तिनं ते कधी नेले होते मला माहीत नाही. ती टेबलापर्यंत गेली, पायांचा आवाज झाला नाही, आणि त्या बिनआवाजाच्या घरात तिनं एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, आपण आल्याचं अजून कुणाला कळलं नाही असं. रडली नाही. माझ्या शेजारी लव्हॉननं पर्स उघडली आणि रुमाल न काढता तशीच धरून ठेवली.

त्यानंतरचं नाटक होतं तसंच होतं. लाटा हलल्या, बरण्या छातीशी आल्या, कॉफी पुन्हा हात लांबवून ओतली, आणि शेवटी तिनं कुणालातरी क्षमा केली. सगळे उठले. मी बसले. लव्हॉन अर्धी उठली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, रंगमंचाकडे बघितलं, आणि हळूच परत टेकली. “माझे गुडघे,” ती म्हणाली.

“तुझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, लव्हॉन.”

“नाही,” ती म्हणाली, आणि बसून राहिली.

ब्रिटा मोज्यांवरच पुढे आली, वाकली, वर आली. या वेळी तिनं थेट खाली बघितलं, आमच्याकडे, आणि हनुवटी जराशी उचलली, रस्त्यात समोरून दुसरी बर्फाची गाडी आली की तिच्या ड्रायव्हरला हार्लन उचलायचा तशी.

बाहेर उजेड होता अजून. मी गाडी तापवत ठेवली, लव्हॉन मागे बसली आणि चक्क गप्प राहिली. ब्रिटा आली, दार उघडून माझ्या शेजारी बसली, पट्टा लावला. अंगाला रंगाचा आणि घामाचा वास. “दिग्दर्शक ओरडला,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मी काढणार. उद्याही काढणार.” आम्ही उतारावरून सरोवराकडे निघालो. काठचा बर्फ निळा दिसत होता. तिनं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. “आता कुठे सुटतंय?”

“कॉफी ओततेस तिथे. घरी जाऊन दाखवते तुला.”

“बरं.” सिग्नलला आम्ही थांबलो. ती समोर बघत होती, हात मांडीवर, आणि मला दिसत होतं की तिला आणखी काहीतरी विचारायचंय आणि ते विचारायला ती घाबरतेय, आणि माझं उत्तर काय येईल हे आता तिला ठाऊक नाही. पुष्कळ वर्षांत पहिल्यांदा ठाऊक नाही.

“आणि बूट?” तिनं विचारलं.

मी सिग्नल सुटेपर्यंत थांबले.

“वाईट नव्हतं,” मी म्हटलं. ब्रिटानं तोंड खिडकीकडे फिरवलं.